पोटातलं पाणी तपासायचं म्हटलं, की आधी तारखा मोजा

मिरजेत सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेली बाई मला पहिल्यांदा काय विचारणार, ते आता मला ठाऊक असतं. "सिस्टर, सुई बाळाला लागायची नाही ना?" ती जतहून आलेली असो, विट्याहून असो, नाहीतर कराडहून. सोबत नवरा असतो, पण गप्प. आई किंवा सासू असली तर तिचं तोंडातल्या तोंडात देवाचं नाव चाललेलं. मांडीवर कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेली फाईल आणि वरच्याच कागदावर कुणीतरी पेनाने गोल केलेले दोन शब्द: हाय रिस्क.

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पुढे नीट देते. पण परिचारिका म्हणून या खोलीत इतकी वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. आपल्या भागातल्या बायकांचं नुकसान सुईमुळे क्वचित होतं, उशिरामुळे मात्र पुन्हा पुन्हा होतं. रिपोर्ट येतो, घरात आठ दिवस चर्चा होते, मग अमावास्या टळायची वाट, मग नणंदेचं लग्न, मग ऊस तुटायला आला म्हणून नवऱ्याला सवड नाही. तेवढ्यात तीन आठवडे गेलेले असतात आणि हे तीन आठवडे परत मिळत नाहीत. म्हणून सगळं तारखांच्या क्रमाने सांगते.

आधी, ही तपासणी म्हणजे काय

बाळ गर्भपिशवीत पाण्यात असतं. त्याच्या त्वचेतून, लघवीच्या मार्गातून सुटलेल्या पेशी त्या पाण्यात तरंगत असतात. डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत पोटावरून एक लांब, बारीक सुई घालतात आणि १५ ते २० मिलिलिटर पाणी काढून घेतात. चहाचे तीन-चार चमचे, एवढंच. त्यातल्या पेशींवरून लॅबमध्ये बाळाची गुणसूत्रं तपासतात. कागदावर नाव असतं अ‍ॅम्निओसेंटेसिस. पुस्तकात गर्भजल परीक्षण. आमच्याकडे सगळे 'पाण्याची तपासणी' म्हणतात, मीही तसंच म्हणेन.

"पाणी काढलं तर बाळ कोरडं पडेल का?" असं विचारणाऱ्या आज्या मला भेटल्यात. नाही पडत. त्या दिवसांत पिशवीत याच्या कितीतरी पट पाणी असतं, आणि काढलेलं बाळाच्या लघवीतून एक-दोन दिवसांत भरून निघतं.

कागदावरचा आकडा वाचायला शिका

बहुतेक बायका इथवर येतात त्या डबल मार्कर किंवा क्वाड्रुपल मार्कर या आईच्या रक्ताच्या तपासण्यांच्या रिपोर्टमुळे. डबल मार्कर ११ ते १४ आठवड्यांत, एनटी स्कॅनच्या, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजणाऱ्या सोनोग्राफीच्या, जोडीने होतो. क्वाड्रुपल १५ आठवड्यांनंतर. या दोन्ही चाळण्या आहेत. चाळणीवर राहिलं म्हणजे खडाच असं नसतं.

समजा रिपोर्टवर १:१८० लिहिलंय. याचा अर्थ असा, की असाच रिपोर्ट हातात असलेल्या १८० बायका एका मांडवात बसवल्या, तर त्यातल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्याने होणारा, बुद्धी आणि वाढीवर परिणाम करणारा दोष) असेल आणि १७९ जणींच्या बाळांना तो नसेल. बऱ्याच लॅब १:२५० च्या अलीकडचा आकडा आला की 'हाय रिस्क' छापतात. म्हणजे तुमचं १:१८० हे 'हाय' आहे, तरीही शंभरात एकालासुद्धा पोचत नाही. तेच १:१० आलं तर गोष्ट वेगळी. तिथे वेळ दवडू नका.

वयाचाही यात हिशेब असतो. २५ व्या वर्षी डाऊन सिंड्रोमची शक्यता साधारण १२५० त १, ३५ व्या वर्षी ३५० त १ च्या आसपास, आणि चाळिशीत १०० त १.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. मार्करचा आकडा तुमच्या रक्तावरून निघतो, तितकाच तुम्ही फॉर्मवर दिलेल्या माहितीवरूनही निघतो. तेव्हा रिपोर्टवर छापलेली जन्मतारीख, वजन, आठवडे, साखरेचा आजार आहे की नाही, जुळं आहे की एक, हे सगळं एकदा बोट ठेवून वाचा. आपल्याकडे अजूनही कितीतरी जणींची कागदावरची जन्मतारीख म्हणजे शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली १ जून. वय दोन वर्षांनी चुकलं तर आकडा बदलतो. पाळीची तारीख चुकली तर फारच बदलतो. "बेंदराला पाळी आली होती बघा" एवढ्यावर आठवडे मोजायचे नसतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाची लांबी मोजून जे आठवडे आले, ते खरे. चूक सापडली तर लॅबला कळवा. तेच रक्त वापरून दुरुस्त हिशेब करून मिळतो.

तुम्हाला ती लागते का, हे ठरवा

आकडा मधलाच असेल, सोनोग्राफी अगदी स्वच्छ असेल, तर डॉक्टरांना एनआयपीटीबद्दल विचारा. दहाव्या आठवड्यापासून आईच्या हातातलं रक्त घेऊन ही तपासणी होते. डाऊन सिंड्रोम असलेली शंभरातली नव्याण्णव बाळं ती पकडते. सुई पोटात जात नाही, म्हणून गर्भाला धोका शून्य. खर्च मात्र हजारांत आहे. आणि एक लक्षात ठेवा, तीही चाळणीच आहे, फक्त फार बारीक जाळीची. एनआयपीटीत दोष दिसला, तरी पाण्याची तपासणी करून खात्री केल्याशिवाय कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. हे मी हात जोडून सांगते, कारण नुसत्या एनआयपीटीच्या कागदावर "पिशवी खाली करा" म्हणत आलेली माणसं मी पाहिलीत.

काही वेळा मात्र एनआयपीटीवर पैसे घालवण्यापेक्षा सरळ पाण्याची तपासणी बरी. एनटी स्कॅनमध्ये मानेमागची जाडी ३.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल, बाळाच्या हृदयात, मेंदूत किंवा अवयवांत दोष दिसला असेल, आधीच्या बाळात गुणसूत्रांचा दोष निघाला असेल, किंवा नवरा-बायको दोघंही थॅलेसेमिया मायनर (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, स्वतःला सहसा त्रास नसतो) असतील, तर रक्ताच्या तपासणीने पुरेसं कळत नाही. थॅलेसेमियाच्या घरांसाठी तर याहून लवकरची सोय आहे: ११ ते १४ आठवड्यांत वारेचा बारीकसा तुकडा घेऊन तपासतात. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक खेपेला बाळ मेजर, म्हणजे तोच आजार गंभीर रूपात असलेलं, असण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून त्यांनी दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांकडे जावं.

इथे आपल्या भागाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. सांगली-साताऱ्यात मामाची मुलगी करायची रीत अजून आहे. नात्यातलं लग्न आहे म्हणून कुणी पाण्याची तपासणी करायला आलं, तर मला आधी विचारावं लागतं: घरात कुठलं मूल आजारी आहे का, त्याला काय झालंय, त्याच्या रक्ताची जनुकीय तपासणी झालीय का? कारण पाणी काढलं म्हणजे सगळे आजार कळतात, हा गैरसमज आहे. नेहमीच्या तपासणीत गुणसूत्रांची संख्या आणि ठळक बिघाड दिसतात. नात्यातल्या लग्नात जे आजार उतरतात ते बहुतेक एकेका जनुकाचे असतात, आणि कुठलं जनुक शोधायचं हे आधी माहीत असेल तरच ते पाण्यात शोधता येतं. पहिल्या मुलाच्या आणि आईबापांच्या रक्तावरून ते जनुक सापडायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणजे हे काम दुसऱ्या खेपेला दिवस जाण्याआधी करायचं. पहिलं मूल गेलं असेल, तर त्याची जुनी फाईल, रक्ताचे रिपोर्ट, काहीही फेकू नका.

कॅलेंडर भिंतीवरून खाली काढा

पाण्याची तपासणी १५ आठवडे पूर्ण झाल्यावर करतात, शक्यतो सोळाव्या-सतराव्यात. त्याआधी केली तर गर्भपाताचा धोका वाढतो आणि बाळाची पावलं वाकडी होण्याचं प्रमाण वाढतं, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालंय. कुणी चौदाव्या आठवड्यात करून देतो म्हणालं तर नको म्हणा.

आता पुढचं मोजा. बाराव्या आठवड्यात एनटी आणि डबल मार्कर. तेराव्यात रिपोर्ट हातात. विचार करायला, हवं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला दोन-तीन आठवडे. सोळाव्यात पाणी काढलं. काही मुख्य गुणसूत्रांचा झटपट रिपोर्ट साधारण आठवड्याच्या आत येतो. पूर्ण तपासणीला पेशी वाढवाव्या लागतात, तिला दोन ते तीन आठवडे. म्हणजे एकोणिसावा आठवडा लागला, आणि हाताशी वेळ आहे.

हेच उशिरा कसं होतं बघा. एनटी राहून गेला, अठराव्या आठवड्यात क्वाड्रुपल केला. एकोणिसाव्यात रिपोर्ट, विसाव्यात पाणी, तेविसाव्यात निकाल. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या बदलानंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. बाळात गंभीर दोष असेल तर २४ नंतरही वाट आहे, पण ती शासनाच्या वैद्यकीय मंडळातून जाते. मला कुणालाही गर्भपाताकडे ढकलायचं नाही. मूल ठेवायचं की नाही हे त्या बाईने ठरवायचं. पण ठरवायला तिला दिवस तरी मिळाले पाहिजेत. तेविसाव्या आठवड्यात, बाळ पोटात लाथा मारत असताना, दोन दिवसांत निर्णय घ्यायला लावणं फार क्रूर आहे.

कुठे करायची, काय विचारायचं

गर्भातल्या बाळाच्या तपासण्यांचं खास शिक्षण घेतलेल्या, म्हणजे फीटल मेडिसिनच्या डॉक्टरांकडे जा. मिरज-सांगलीत, कराडला अशी सोय मिळते. नसेल तिथून पुणे, कोल्हापूर गाठावं लागतं. पाण्याचा नमुना पुष्कळदा बाहेरगावच्या मोठ्या लॅबला जातो. म्हणून शनिवारी तपासणी ठरवताना विचारून घ्या, की नमुना त्याच दिवशी निघणार की सोमवारपर्यंत थांबणार.

जिथे जाल तिथे भिंतीवर पीसीपीएनडीटीचं, म्हणजे गर्भलिंग तपासणीला बंदी घालणाऱ्या कायद्याखालचं, नोंदणी प्रमाणपत्र लावलेलं असायलाच हवं. मग डॉक्टरांना सरळ विचारा: तुम्ही ही तपासणी नेहमी करता का? कोणकोणते दोष यात कळतील आणि कोणते कळणार नाहीत? डॉक्टरांची फी किती, लॅबची वेगळी किती? पेशी वाढल्या नाहीत तर पुन्हा पैसे भरावे लागतील का? हे विचारताना संकोच करू नका. चांगले डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाहीत.

जाण्याआधी

रक्तगटाचा कागद सापडवून फाईलमध्ये सर्वांत वर ठेवा, तुमचा आणि नवऱ्याचाही. याचं कारण पुढे येतं. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी चे रिपोर्ट सोबत घ्या. यातलं काही असेल तर लपवू नका. सुईमुळे विषाणू बाळापर्यंत जाऊ नये म्हणून डॉक्टरांना आधी रक्तातलं प्रमाण बघावं लागतं, औषध द्यावं लागतं. अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी किंवा रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू असतील तर आठवडाभर आधी फोन करून विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

उपाशी यायची गरज नाही. भाकरी-भाजी खाऊन या. उपाशी आलेल्या बाया टेबलावर चक्कर येऊन घामाघूम होतात. कपडे दोन भाग असलेले घाला, साडी किंवा पंजाबी ड्रेस, म्हणजे फक्त पोट उघडं करता येतं.

आणि राहायचं बघा. आटपाडी, जत, शिराळा इतक्या लांबून येणार असाल तर त्या रात्री मिरज-सांगलीत कुणा पाहुण्यांकडे मुक्काम करा. एसटीने आपलं काही बिघडत नाही, पण रात्री पोटात दुखायला लागलं तर दवाखाना जवळ असलेला बरा. मोटारसायकलवर मागे बसून जाऊ नका एवढंच.

सुईचा दिवस

आधी एक फॉर्म येतो, फॉर्म जी. हा संमतीचा कागद आहे. तपासणी का करायची, तिचे धोके काय, हे तुम्हाला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगून तुमची लेखी संमती घेणं, आणि त्याची एक प्रत तुम्हाला देणं कायद्याने बंधनकारक आहे. सही तुमचीच लागते. सासऱ्यांना फोन लावून विचारायची गरज नाही.

या कागदामागे आपल्याच राज्याची एक दुखरी गोष्ट आहे. हीच पाण्याची तपासणी सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुलगी आहे का हे बघायला वापरली गेली. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो २००३ मध्ये आणखी कडक झाला. तरीही २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींना नवी नावं द्यावी लागली, आणि २०१७ मध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळमध्ये बेकायदा गर्भपातातले पुरलेले भ्रूण सापडले ते इथे कुणी विसरलेलं नाही. म्हणून बाळ मुलगा की मुलगी हे या तपासणीनंतर तुम्हाला सांगितलं जाणार नाही, रिपोर्टवरही छापलं जाणार नाही. आम्हाला विचारूही नका. विचारणारा नवरा किंवा नातेवाईकही कायद्याने गुन्हेगार ठरतो.

मग टेबल. पहिल्यांदा साधी सोनोग्राफी होते: ठोके, वार कुठे आहे, पाण्याचा मोकळा कप्पा कुठे आहे. "वार समोर आहे" असं कानावर पडलं तर घाबरू नका. शक्यतो वार टाळून जागा शोधतात. नाहीच टळली तर तिच्या पातळ भागातून जातात.

पोट औषधाने पुसतात, ते गार लागतं. मग सुई. पडद्यावर ती एक चकाकणारी रेघ दिसते, आणि बाळ तिच्यापासून बाजूला, बहुतेक वेळा आपल्याच नादात हात हलवत असतं. त्वचेला टोचतं ते रक्त काढताना टोचतं तेवढंच. पिशवीतून सुई आत जाते तेव्हा आतून दाबल्यासारखं, पाळीत कळ येते तसं वाटतं. त्या क्षणाला बायका श्वास रोखतात. मी त्यांना हात धरायला देते आणि म्हणते, आता हळूहळू श्वास सोडा. पहिले एक-दोन मिलिलिटर बाजूला काढतात, कारण त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात. मग दुसऱ्या सिरिंजमध्ये पाणी येतं, फिकट पिवळं, गवती चहाच्या रंगाचं. सुई आत असते ती मिनिट-दोन मिनिटं. बाहेर काढली की पुन्हा ठोके दाखवतात. ते पडद्यावर लुकलुकताना बघून रडल्या नाहीत अशा फार थोड्या.

भूल बहुतेक ठिकाणी देत नाहीत, कारण भुलेची सुईसुद्धा टोचतेच. पहिल्या प्रयत्नात पाणी आलं नाही तर एकदा पुन्हा बघतात. दोनदा जमलं नाही तर त्या दिवशी थांबून पुढची तारीख देतात.

धोका किती, ते आता मोजून

गर्भ पडण्याची भीती सगळ्यांत मोठी, म्हणून आधी तीच. पूर्वी शंभरात एक किंवा दोनशेत एक असं सांगत. तो आकडा जुन्या काळचा, जेव्हा सोनोग्राफीची यंत्रं आजच्यासारखी नव्हती. अलीकडच्या अभ्यासांत सुईमुळे ओढवणारा गर्भपात हजारात एक ते तीन एवढा निघालाय. कुपवाडच्या एखाद्या मोठ्या कार्यालयात हजार माणसांची पंगत बसलीय असं डोळ्यांपुढे आणा. त्यातली एक ते तीन पानं. बाकी सगळ्यांच्या बाबतीत सुईने काही झालं नाही.

यात एक बारकावा आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात सुई न टोचतासुद्धा काही गर्भ पडतात, आणि ज्यांच्या बाळात दोष असतो त्यांचे जास्त पडतात. अशा बायकांनाच ही तपासणी सांगितलेली असते. म्हणून तपासणीनंतर गर्भ पडला की तो सुईनेच पडला असं म्हणता येत नाही, जरी घरातले सगळे तसंच म्हणत असले. मी एका ताईला दोन वर्षं स्वतःला दोष देताना पाहिलंय. "मी ऐकलं नसतं तर..." तिच्या बाळाचा रिपोर्ट आला तेव्हा त्यात असा दोष होता की ते तसंही टिकलं नसतं. तो कागद तिला कुणी नीट वाचून दाखवला नव्हता. आम्ही दाखवला, आणि ती बराच वेळ तो हातात धरून बसली.

सुई बाळाला लागणं: सतत सोनोग्राफीत बघत केलं जातं, त्यामुळे हे फारच विरळा. पाणी गळणं: शंभरातल्या एकीला होऊ शकतं, पुष्कळदा विश्रांतीने आपोआप थांबतं. पिशवीत जंतुसंसर्ग: हजारात एकापेक्षाही कमी, पण झाला तर गंभीर. जुळी असतील तर धोका थोडा वाढतो. आणि क्वचित लॅबमध्ये पेशीच वाढत नाहीत, मग पुन्हा पाणी द्यावं लागतं.

आता तो रक्तगटाचा कागद. तुमचा गट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर सुईमुळे बाळाचं थोडंसं रक्त तुमच्या रक्तात मिसळू शकतं आणि तुमचं शरीर त्याविरुद्ध लढायला शिकतं. या बाळाला सहसा काही होत नाही, पुढच्या बाळाला होतं. हे टाळायला अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत घ्यावं लागतं. एकदा तासगावकडची एक बाई तपासणी करून घरी गेली. रात्री नऊला तिच्या भावाचा मला फोन: "सिस्टर, आक्काचा गट निगेटिव्ह आहे, ते इंजेक्शन तर कुणी दिलंच नाही." तिचा कागद फाईलच्या तळाला होता आणि ज्या केंद्रात तपासणी झाली तिथे कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ते मिळालं, वेळेत होतं. पण भावाने आठवण ठेवली नसती तर? म्हणून टेबलावरून उतरताना तुम्हीच विचारा: माझा गट निगेटिव्ह आहे, इंजेक्शन कधी देताय?

घरी गेल्यावर

दिवसभर, हवं तर दोन दिवस, आराम. पाण्याची घागर, वैरणीचा भारा, शेतातलं वाकून करायचं काम नको. शरीरसंबंध दोन-तीन दिवस टाळा. पंधरा दिवस अंथरुणात पडून राहायची गरज नाही, त्याने गर्भ टिकतो असं कुठेही दिसलेलं नाही. उलट पडून राहिलेल्या बाईच्या डोक्यात भीती वाढत जाते. थोडं ओटीपोट दुखलं, एखादा लाल डाग दिसला तर पॅरासिटामॉल चालते. दुखण्याच्या दुसऱ्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेऊ नका.

लगेच दवाखाना गाठायचा तो अशा वेळी: खालून पाणी गळत राहिलं, पाळीसारखं अंगावरून गेलं, कळा थांबेनात, थंडी वाजून १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला, किंवा घाण वासाचा स्राव झाला. पाणी की लघवी हे कळत नसेल तर पॅड लावून थोडं फिरा आणि वास घ्या. लघवीचा वास नसतो तेव्हा शंका धरा आणि निघा. सकाळपर्यंत थांबू नका. काही व्हायचंच असेल तर बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत होतं, क्वचित दोन आठवड्यांपर्यंत. तोवर फोन चार्ज ठेवा आणि गाडीची सोय बघून ठेवा.

रिपोर्टची वाट बघताना

हे दिवस सगळ्यांत जड जातात. लॅबचा फोन कुणाच्या नंबरवर यावा, हे आधीच ठरवा. माझं स्पष्ट मत आहे, की नंबर त्या बाईचाच द्यावा. नवऱ्याला किंवा दिराला आधी कळतं आणि तिला चार दिवस लपवलं जातं, असं फार घडतं.

दोष निघाला तर त्याच दिवशी काही ठरवू नका. जनुकीय समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरांसमोर दोघं बसा आणि या दोषाचं मूल कसं असतं, कसं वाढतं, ते विचारा. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो, म्हणून बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी करून घ्या. ज्यांनी मूल ठेवायचं ठरवलं त्यांना याचा मोठा उपयोग होतो: बाळंतपण कुठे करायचं, लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर कुठे आहेत, हे आधी बघता येतं. मी दोन्ही निर्णय घेतलेल्या बायका जवळून पाहिल्यात, आणि कुणाचाही निर्णय हलका नव्हता.

रिपोर्ट चांगला आला, बहुतेकींचा तसाच येतो, तर पेढे वाटा. पण १८ ते २० आठवड्यांची अ‍ॅनोमली सोनोग्राफी चुकवू नका. गुणसूत्रं ठीक असूनही ओठ, हृदय, पाठीचा कणा यांत दोष असू शकतो आणि तो पाण्यातून कळत नाही.

सातव्या महिन्यात माहेरी जाताना ही फाईल सोबत न्या, फॉर्म जी ची प्रत आणि इंजेक्शनच्या तारखेसकट. निगेटिव्ह गटाच्या बाईला २८ व्या आठवड्यात अँटी-डी पुन्हा लागतं, सोळाव्यात घेतलं असलं तरी. माहेरच्या डॉक्टरांना हे कागदावरूनच कळणार आहे.